हळदीकुंकवाला आलेला मुलगा

सोनल मॅडमचं पत्र ऑक्टोबरात आलं होतं. जानेवारी लागला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र तसं चांगलंच होतं. मॅडम पुण्यात किशोरांसाठी पुस्तकं काढतात. हिवाळ्याच्या सुट्टीत जयपुरात भेटणाऱ्या दोन मुलांची माझी हलकीफुलकी प्रेमकथा त्यांना आवडली होती. फक्त सातवं प्रकरण बदलायचं होतं. त्यात जयपूरच्या जगतपुऱ्यातली स्वानंदी घरच्या हळदीकुंकवाला चुकून आलेल्या कैवल्यला सांगते, "मला तू आवडतोस." मॅडमनी लिहिलं होतं, ‘मुलगा हळदीकुंकवाला जाईल हे पटत नाही. शिवाय मुलीनं आधी बोलणं पालकांना रुचणार नाही. त्यालाच बोलू द्या, म्हणजे उन्हाळ्यात पुस्तक काढू.’

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. सगळी नोकरी इथे जयपुरात, कॉलेजच्या ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं लावण्यात गेली. हे माझं स्वतःचं पहिलंच. संपादक म्हणतात म्हणजे खरंच असणार, असं वाटून मी प्रकरण बदललं. आता कानोत्याच्या धरणावर कैवल्य बोलत होता आणि स्वानंदी लाजत होती. पण ते पोस्टात टाकायला हात होत नव्हता.

संक्रांतीला दोन दिवस असताना माझी सोळा वर्षांची नात अवनी राहायला आली. गच्चीवर उन्हात बसून तिनं नवं प्रकरण आजीला वाचून दाखवायला घेतलं. शेजारच्या गच्च्यांवर पतंगांचा गलका चालू होता. अवनी मराठी अडखळत वाचते, त्यामुळे माझी फजिती सावकाश होत होती.

"‘स्वानंदीची... नजर झुकली,’" अवनी थांबली. "आजोबा, मतलब, हिला झालं काय? सहा चॅप्टर तर नुसती भांडत होती!"

जयंतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिळाच्या लाडवांचं ताट बाजूला सारलं. पहिला खर्डा तिनं वाचला होता. "अहो, इथे हळदीकुंकू होतं ना?"

"ते पटत नाही म्हणाल्या. मुलगा तिथे कसा जाईल?"

"मग तुम्ही कोण होतात?"

अवनी उठून बसली. "आजोबा, तुम्ही गेला होतात?"

सांगावंच लागलं. पन्नास वर्षांपूर्वी मी अमरावतीहून इथे नोकरीला आलो. मराठी मंडळाच्या फलकावर सूचना होती: आदर्श नगरात हळदीकुंकू, सर्व मराठी कुटुंबांनी यावे. परमुलखात आपली माणसं थोडी, तेव्हा इथे पुरुषांनाही बोलावत असतील, असा मी तर्क केला. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. आत तीस बायका आणि मी. घरच्या मुलीनं सगळ्यांबरोबर मलाही वाण दिलं, चहाची गाळणी.

"आणि तिथेच मी म्हटलं, तुम्ही मला आवडलात," जयंती म्हणाली. "रविवारी येऊन बाबांशी बोलाल का?"

"मग आजोबा काय म्हणाले?"

"थँक यू म्हणाले."

अवनी हसून हसून चटईवर आडवी झाली. जयंती मात्र हसली नाही.

"छापून यावं म्हणून माझं तोंड बंद केलंत तुम्ही," ती म्हणाली. "तीस बायकांसमोर बोलले मी. तुमच्यावर सोडलं असतं तर अजून तिथेच बसून राहिला असतात."

मी खाली आलो, जुनं सातवं प्रकरण काढलं आणि कागद घेतला.

‘सोनल मॅडम, उत्तराला उशीर झाला. सातवं प्रकरण मी बदलणार नाही. मुलगा हळदीकुंकवाला गेला होता, तो मीच. मुलगीच आधी बोलेल, मान वर करून बोलेल. पालकांना रुचलं नाही तर त्यांनी पुस्तक घेऊ नये. आपल्याला नको असेल तर हस्तलिखित परत पाठवावं.’

खाली सवयीनं ‘कृपया राग नसावा’ लिहिलं. मग ते खोडलं. पुस्तक आता येणार नाही, हे जवळजवळ ठरल्यासारखंच होतं. तरी पोस्टापर्यंत चालत गेलो.

"अंकलजी, साधारण या स्पीड पोस्ट?" खिडकीतल्या माणसानं विचारलं.

"जो जल्दी जाए," मी म्हणालो. "शाम तक मेरा मन बदल सकता है."

तो हसला. त्यानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात फेकलं.