फ्रिजची उशिरा नोंद

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. एका दाराचा, आकाशी रंगाचा, डाव्या बाजूला पोचा आलेला. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी पराक्रम सांगतात. माझेही आहेत चार-दोन, तेही सांगीन. पण आधीच कबूल करतो, मी एका दहा वर्षांच्या मुलीचा आणि तिच्या आईचा अपराधी आहे. थंड डोक्याचा म्हणून माझा लौकिक, तरीही हे माझ्या हातून घडलं. हात मला नाहीत म्हणा. दारातून घडलं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझं अंग घडवलं, पाठीला काळी जाळी बसवली आणि निळ्या टोपीच्या एका माणसाने माझं दार पंचवीस वेळा उघडून आपटून पाहिलं. 'पक्कं आहे,' असं तो म्हणाला तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! पुढे दुकानात मी तीन महिने उभा होतो. एके दिवशी एक जोडपं आलं. तो बसचा ड्रायव्हर, ती लॉन्ड्रीत इस्त्री करणारी आणि लवकरच आई होणारी. तिने माझ्या आत डोकं घातलं आणि म्हणाली, "अहो, हाच घेऊया. याच्यात कसं गार वाटतंय बघा!" मित्रांनो, तेव्हा माझी वायरसुद्धा लावलेली नव्हती. पण कौतुक ते कौतुक. मी त्यांचा झालो.

त्या घरातली पहिली वर्षं माझी भारी लाडाची गेली. शेजारच्या काकू बर्फ मागायला यायच्या आणि जाताना माझ्या दारावर थाप मारून जायच्या. आई मला दर रविवारी पुसायची. बटण दाबून बर्फ वितळवायची, ट्रे रिकामा करायची, रबराच्या घडीतला मळ जुन्या ब्रशने काढायची. त्यांना मुलगी झाली. ती पेन्सिलीचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, तुटकी बटणं असलं काय काय साठवून ठेवायची, म्हणून बाबा तिला 'खारू' म्हणू लागले. तिची साठवण पुष्कळदा माझ्या डोक्यावर असायची. मी ती तेव्हा कधी सांडू दिली नाही.

खारू आठ वर्षांची असताना आईने नर्सिंगच्या शाळेत नाव घातलं. लॉन्ड्रीत दवाखान्याच्या चादरी यायच्या. त्या दुमडता दुमडता तिला वाटू लागलं की आपण चादरीच्या या बाजूला उगाच उभे आहोत, आपली जागा त्या बाजूला, पेशंटजवळ आहे. बाबा म्हणाले, "कर तू. बघू कसं जमतं ते." सकाळी आठ ते दोन शाळा, तीन ते आठ लॉन्ड्री. बाबांची ड्यूटी दर आठवड्याला बदलायची. तिघं एका वेळी घरात असणं मुश्कील झालं. मग माझ्या दाराला महत्त्व आलं.

नर्सिंगच्या शाळेत आई एक गोष्ट शिकली होती. एक नर्स घरी जाताना दुसरीला 'चार्ज' देते, म्हणजे कोणाला काय औषध दिलं, काय राहिलं, हे सगळं लिहून देते. जिने वाचलं तिने खाली सही करायची. सही नसेल तर वाचलंच नाही असं धरतात. आईने तोच नियम घरात आणला. "इथे चार्ज द्यायचा," ती माझ्या दारावर बोट ठेवून म्हणाली. "जो वाचेल त्याने खाली आपलं अक्षर लिहायचं. मी 'आ', बाबा 'बा', आणि खारू 'खा'."

"मी 'खा' लिहिलं तर बाबा सगळं खाऊनच टाकेल," खारू म्हणाली, आणि तिघं खो-खो हसली. मीही हसलो. माझं हसणं म्हणजे जरा जोरात घरघरणं.

दुसरा नियम आई एकदा कांदा चिरता चिरता सांगत होती. एखादी नोंद वेळेवर करायची राहिली, तर खोडाखोड करायची नाही, मध्येच कुठेतरी घुसडायची नाही. खाली सरळ लिहायचं, 'उशिरा नोंद', आणि वेळ घालायची. "का गं?" खारूने विचारलं. आई म्हणाली, "उशीर झाला हे कबूल करायला लाज नाही. लपवलं तर पेशंटच्या जिवावर बेततं." मित्रांनो, हे मी तेव्हा कान देऊन ऐकलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं, हे माणसांचं काम, आपला काय संबंध!

आई पट्ट्या बांधायचा सराव खारूवर करायची. मनगट, कोपर, टाच, डोकं. कोपराची पट्टी आठच्या आकड्यासारखी फिरवायची असते. खारू स्टुलावर बसून "आई गं, मेले, मेले!" असं विव्हळायची आणि आई "गप बस, पेशंट" म्हणायची. दिवसातली तेवढी वीस मिनिटं दोघी एकमेकींच्या असायच्या. बाकी वेळ आई घाईत असायची. चिठ्ठी वाचायची, 'आ' लिहायची आणि कधी कधी विसरायचीही. दोनदा असं झालं होतं. एकदा रंगपेटी आणायची राहिली, एकदा शाळेच्या कागदावर सही.

माझ्याकडे कोणाला बघायला वेळ उरला नाही. बर्फाचं बटण कोणी दाबेना. वरच्या कप्प्यात बर्फ वाढत वाढत माझं दार आतून ढकलू लागला. समोरच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती, ती झाडताना निघून गेली. तेव्हापासून कॉम्प्रेसर सुरू झाला की मी नखशिखांत हादरायचो. मी मनात कुरकुर करायचो. खरं सांगतो, थोडा रागही धरला होता मी आईवर.

आणि मग तो बुधवार उजाडला. आई आंघोळीला गेली होती. खारू दप्तर घेऊन आली आणि टाचा उंचावून तिने माझ्या दारावर एक चिठ्ठी लावली. टोमॅटोच्या आकाराच्या चुंबकाखाली आधीच चार कागद होते, त्यांच्यावर पाचवा. पेन्सिलीने लिहिलं होतं: 'आई, उद्या दुपारी तीन वाजता आमच्या वर्गात मी पट्टी बांधून दाखवणार आहे. आठच्या आकड्याची. मला पेशंट लागेल. तू होशील? नक्की ये हं. खारू.'

ती दार ओढून शाळेला गेली. दोन मिनिटांनी माझा कॉम्प्रेसर सुरू झाला. मी हादरलो. चिठ्ठी सुटली, गिरक्या घेत खाली आली आणि माझ्या पोटाखाली सरकली. तेवढ्यात आई केस पुसत आली. तिने दार नीट वाचलं, डबा घेतला आणि गेली.

मी ओरडायला हवं होतं. मला ओरडता येत नाही.

संध्याकाळी खारूने बघितलं, चिठ्ठी दारावर नाही. म्हणजे आईने वाचली आणि जपून ठेवली, असं तिने धरलं. आई काही बोलली नाही, तर तिला वाटलं आईला गंमत करायची असेल. तीही मग गालातल्या गालात हसत गप्प राहिली. ते हसू मला अजून छळतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली आणि बाबांना म्हणाली, "खुर्चीच्या पायाला बांधली पट्टी. सगळ्यांचे पेशंट आले होते." रडली नाही. स्टूल मात्र उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं.

आई घरी आल्यावर बाबांनी तिला सांगितलं. ती तशीच, चप्पलसुद्धा न काढता, स्वयंपाकघरात उभी राहिली. "मला सांगायचंस ना गं, राणी! मी लॉन्ड्रीच्या मालकिणीकडून सुट्टी मागून आले असते."

"लिहिलं होतं," खारू म्हणाली.

"दारावर काहीच नव्हतं."

"तू नेहमी असंच म्हणतेस. रंगपेटीच्या वेळीही असंच म्हणालीस."

"अगं, घाईत होतीस, वाचून विसरली असशील," बाबा हळूच म्हणाले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण आईचा चेहरा असा उतरला की मला माझ्या आतल्या दिव्याची लाज वाटली. पुढचे दोन दिवस ती माझ्यासमोर उभी राहून आठवत राहिली. वाचली का मी? वाचली असेन. लेकीचं अक्षर डोळ्यांसमोरून गेलं असेल आणि मला हाडांची नावं आठवत असतील. जे तिने केलंच नव्हतं, त्याचा दोष ती स्वतःच्या पदरात घालून घेत होती. आणि दोषी तिच्यासमोर दूध गार करत उभा होता. "खारू, हात दे गं, परीक्षा आलीय," असं तिने एकदा म्हणून पाहिलं. "खुर्ची घे," खारू म्हणाली.

शनिवारी आईने माझ्या दारावर एक अर्ज लावला. 'घरगुती अडचणींमुळे मी नर्सिंगचे शिक्षण पुढे चालू ठेवू शकत नाही.' सोमवारी द्यायचा होता. शेवटचे पाच महिने उरले होते. बाबांनी तो तीनदा वाचला आणि खाली इतकं बारीक 'बा' लिहिलं की ते अक्षरच शरमल्यासारखं दिसत होतं. खारूने वाचला, पण काही लिहिलं नाही.

रविवारी सकाळीच वीज गेली आणि दुपारपर्यंत आली नाही. दोन वर्षांचा साठलेला बर्फ सुटू लागला. मित्रांनो, मी मुद्दाम केलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. फ्रिजला मुद्दाम काही करता येत नाही. पण जेवढं पाणी सोडता येईल तेवढं मी सोडलं. ट्रे भरला, सांडला, पाणी फरशीवरून उंबऱ्यापर्यंत गेलं.

"अरे देवा! खारू, फडकं आण," बाबा ओरडले. आई आतल्या खोलीत वाचनालयाची पुस्तकं परत द्यायला बांधत होती, तीही धावत आली. बाबांनी मला कमरेत धरून पुढे ओढलं. खाली एक झाकण निघालं, दोन बटणं निघाली आणि धुळीने माखलेला, भिजलेला एक कागद.

खारूने तो उचलला. पेन्सिलीची अक्षरं पाण्याने पुसली जात नाहीत. ती कितीतरी वेळ कागदाच्या खालच्या कडेकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "याच्याखाली 'आ' नाहीये."

आईने कागद घेतला. वाचला. मग ती ओल्या फरशीवरच बसली आणि कागद छातीशी धरून हमसून हमसून रडली. खारू तिच्या गळ्यात पडली. "तू वाचलंच नव्हतंस. आणि मी खुर्ची घे म्हणाले," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाबा हातात फडकं घेऊन उभे, पाणी पुसायचं विसरून. "मीच तिला म्हटलं, विसरली असशील," ते पुटपुटले. त्या घरात त्या दुपारी तिघंही स्वतःला अपराधी म्हणत होते. खरा अपराधी मधोमध उभा होता, टपटप गळत.

मग आईने डोळे पुसले, पेन्सिल मागितली आणि चिठ्ठीखाली लिहिलं: 'उशिरा नोंद. रविवार, दुपारी अडीच. वाचलं. येते. आ.' खारूने तीच पेन्सिल घेतली, दारावरच्या अर्जाखाली मोठं 'खा' काढलं आणि पुढे लिहिलं, 'चालणार नाही.' आतून स्टूल आलं. त्यावर आई बसली, कोपर पुढे करून. पट्टी सैल झाली, तिसऱ्या फेऱ्यात सुटली, पण आई "मेले, मेले!" असं विव्हळायला चुकली नाही. अर्ज दुसऱ्या दिवशी कुठेच गेला नाही. आई गेली, शाळेत.

आता माझ्या पायाखाली नवी पुठ्ठ्याची घडी आहे आणि दर रविवारी खारू माझं बटण दाबते. ती चिठ्ठी अजून दारावर आहे, दोन चुंबकांखाली. मला कोणी जाब विचारलेला नाही, कारण मी काही केलं हे कोणाला माहीतच नाही. म्हणून हे सगळं तुम्हाला सांगितलं. मित्रांनो, घरातल्या मुक्या वस्तूंकडे आठवड्यातून एकदा तरी बघा. आणि जी गोष्ट मनापासून हवी आहे, ती दारावर लिहाच, पण माणसाला तोंडानेही सांगा. दार हादरतं.

ही माझी उशिरा नोंद. वाचलीत ना? मग खाली तुमचं अक्षर लिहा.