माईचा हात

जेवणाच्या सुट्टीत शिलाई विभागातल्या बायका डबे अर्धवट टाकून माईभोवती गोळा झाल्या होत्या. माई इस्त्रीवाली, पण आता इस्त्रीच्याच टेबलावर मांडी घालून बसली होती. समोरच्या बाईच्या पोटावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे, लांबलचक ढेकर द्यायचा आणि सांगायचं, "आलाय. पाहुणा आलाय." डॉक्टरच्या आधी माईला कळतं, अशी ख्याती होती. शिवलेले कपडे तपासणाऱ्या बाईला त्या ढेकराचीच शिसारी यायची.

आज रांगेत तिची धाकटी जाऊ होती. पाच वर्षं मुलाची वाट बघत होती बिचारी. आता पाळी लांबली होती, सकाळी मळमळायचं, चहाचा वास सहन व्हायचा नाही, छाती दुखायची, मशीनवर बसल्याबसल्या पेंग यायची.

माईने हात ठेवला, ढेकर दिला. "रिकामं आहे गं. नुसती उष्णता. हा काढा घे, साचलेलं सगळं पडून जाईल."

जावेचे डोळे भरले. ती बाटलीचं बूच काढू लागली, तशी तपासणारीने बाटली हिसकावून घेतली.

"ताई, माईचं कधी चुकतं का?"

"जरा दम धर. माई, माझंही बघा."

पुन्हा हात, पुन्हा ढेकर. "आलाय. दुसरा महिना."

"माझी पाळी चालू आहे, माई. आज तिसरा दिवस."

"ते रक्त वेगळं असतं. दैवी शक्तीची परीक्षा घेऊ नये."

"कसली शक्ती? बाथरूममधल्या पॅडच्या कपाटाची किल्ली तुमच्या बहिणीकडे. जिने पॅड मागितलं नाही, तिचं नाव ती तुमच्या कानात सांगते. दोन महिने मी मुद्दाम घरून पॅड आणतेय." मग ती जावेकडे वळली. "तू घेतलंस ना इथलं?"

"गेल्या आठवड्यात. थोडे डाग पडले होते."

"म्हणून तुझं पोट रिकामं."

बाथरूमच्या दारात उभी असलेली बहीण आत गेली आणि तिने कडी लावून घेतली.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोघी दवाखान्यात गेल्या. लघवीच्या तपासणीत दोन रेघा आल्या. जावेने ती पट्टी खिडकीच्या उजेडात नेऊन रेघा पुन्हा मोजल्या. डॉक्टरीणबाईंनी काढ्याचा वास घेतला आणि बाटली मोरीत उपडी केली. "असे डाग सुरुवातीला काहींना पडतात," त्या म्हणाल्या. "पण पडले की लगेच दाखवायला यायचं. हे प्यायली असतीस तर गर्भाचं काय झालं असतं, सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी एक शिवणारी हळूच तपासणारीपाशी आली. "तो काढा उरलाय का हो? उष्णतेवर चांगला म्हणतात."

चार शब्द सुनावावेत असं तपासणारीला वाटलं, पण तिने हातातला शर्ट खाली ठेवला.

"तुझीही पाळी चुकलीय का?"

बाईने मान खाली घातली.

"मग चल माझ्याबरोबर. पाच मिनिटांची तपासणी आहे. तुझ्या पोटात काय आहे, ते आधी तुला कळू दे."