स्वच्छ दातांना कीड

वहिनीवर आत्याचा पहिल्या दिवसापासून दात होता, आणि त्यात वहिनीचा काडीचाही दोष नव्हता. दोष असता तर बरं झालं असतं, निदान मनमोकळं भांडता तरी आलं असतं. पण ही बाई कामाला वाघ, बोलायला मऊ, आणि वर आत्याला 'ताई' म्हणून मान द्यायची. अशा माणसाचं करायचं काय?

खारू रांगतही नव्हती तेव्हा तिची आई गेली. घास गालात धरून बसायची सवय, म्हणून तिचं नाव खारू पडलं. दादा दिवसभर कामावर, त्यामुळे पोरीचं सगळं आत्याने केलं. आपल्या शिवणाच्या दुकानातलं मशीन घरी आणलं आणि एका पायाने मशीन चालवत दुसऱ्या पायाने पाळणा हलवला. कितीतरी वर्षं त्या घरात 'आत्या' ही एकच हाक होती. मग दादाने दुसरं लग्न केलं आणि वर्ष व्हायच्या आत पोरगी नव्या बाईला 'आई' म्हणायला लागली. कोणी शिकवलं नव्हतं, आपणहून म्हणाली. आत्याच्या काळजात त्या दिवशी जे चर्र झालं ते अजून शमलं नव्हतं.

त्यात रात्रीचं दात घासणं! आत्याच्या राज्यात ते युद्ध असायचं, पोरगी पुढे पळायची आणि आत्या ब्रश घेऊन मागे. आता दोघी मायलेकी बेसिनपाशी उभ्या राहायच्या, तोंडाला फेस आणि नुसतं खिदळणं. ते खिदळणं भिंतीपलीकडून ऐकताना आत्याचा जळफळाट व्हायचा. शेवटी तिने आपली वाट काढली. ब्रश झाला की खारू गोष्ट ऐकायला तिच्या खोलीत यायची. गोष्ट संपत आली की उशीखालून एक चिकट टॉफी निघायची.

"आईला बोलायचं नाही हं."

"नाही. आपल्या दोघींचंच."

टॉफी गालात धरून खारू झोपी जायची. आणि आत्याला वाटायचं, सगळं गेलं तरी एवढं माझं आहे.

मग खारू एकाच बाजूने चावायला लागली. गार पाणी लागलं की "आई गं" म्हणायची. तेसुद्धा 'आई गं', आत्याच्या मनात आलं. दोघी तिला दवाखान्यात घेऊन गेल्या.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा आत घालून पाहिलं, फोटो काढला. "मागच्या दोन दुधाच्या दाढांच्या मध्ये कीड आहे. खोल गेलीय, पण दाताच्या नसेपर्यंत पोचलेली नाही. भरता येईल. ब्रश कोण करून घेतं?"

"मी," वहिनी चाचरत म्हणाली.

आत्याला आतून गुदगुल्या झाल्या. आता कळेल म्हणावं!

"हा रंग लावून बघू. ब्रश जिथे पोचत नाही तिथे थर साचतो, आणि थर असला की तिथे रंग चिकटतो."

दातांवर गुलाबी औषध फिरवलं, खारूने चूळ भरली. आत्या इतकी वाकली की डॉक्टरीणबाईंना दिवा सरकवावा लागला. तिला गुलाबी बघायचं होतं. वरखाली, मागेपुढे, भडक गुलाबी. पण दात लख्ख. एका कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, बस्स.

"इतके स्वच्छ दात मोठ्यांचेही नसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आत्याचं तोंड एवढंसं झालं.

"मग कीड आली कुठून?" त्यांनीच विचारलं. "ब्रश झाल्यावर काही खाते का ही? झोपेत लाळ कमी सुटते. गोड काही चिकटून राहिलं की तोंडातले जंतू रात्रभर त्याचं आम्ल करत बसतात, आणि ते दात पोखरतं."

"मी काही नाही खात," खारू म्हणाली. ठणठणीत. आत्याकडे तिने साधं वळूनही पाहिलं नाही.

दुखऱ्या दाढेनिशी पोरगी आत्यासाठी खोटं बोलली होती, तेही आईसमोर! इतका आनंद आत्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

"माझंच चुकलं असेल," वहिनीचे डोळे भरले. "दातांच्या फटीत दोरा फिरवायला हवा होता मी."

चुकू दे की तिचं. एकदा तरी चुकू दे. आत्या मूग गिळून बसली.

"कारण सापडायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर आज भरून काय उपयोग? मागे कायमची दाढ नुकतीच वर येतेय. ती पुन्हा उगवत नाही, जन्मभर तीच."

आत्याने खारूकडे पाहिलं. पोरगी खुर्चीत ओठ घट्ट मिटून पडली होती.

"टॉफी," आत्या म्हणाली. "मीच देते. रोज, ब्रश झाल्यावर."

वहिनी एकदम वळली. बोलली ती खारू.

"आत्या! मी सांगितलं का? मी नाही सांगितलं! तूच सांगितलंस!" आणि ती हमसाहमशी रडायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी तिला शांत होऊ दिलं, दाढ बधिर करायची तयारी केली. "एकीने हात धरा, दुसरीने बाहेर बसा."

आत्याने हात पुढे केला. खारूने आपला हात चादरीखाली ओढून घेतला. "तू नको. आई."

बाहेरच्या बाकावर आत्या दार बघत बसली. आतून यंत्राची घरघर येत होती, रडणं मात्र येत नव्हतं. घरघर थांबली तसं दार उघडून वहिनी बाहेर आली आणि शेजारी टेकली. ओरडेल म्हणून आत्याने मान खाली घातली.

"ताई, झालं सगळं. खारूने निरोप दिलाय. अजिबात दुखलं नाही. आणि ती तुमच्याशी बोलणार नाहीये, असंही तुम्हाला सांगायला सांगितलंय."

आत्याला हसू आलं, पाठोपाठ डोळे भरून आले. पोरीला आत्याची आठवण झाली होती, पण ते सांगायला तिने वहिनीला पाठवलं होतं.