भरिताच्या नोंदीला संदर्भ

आमच्या जीवनकोशात कोणतीही नोंद कोणाच्या मालकीची नाही, हा नियम मीच केला आणि त्याचा ताप सगळ्यात जास्त मलाच झाला. खानदेशातली शेती, स्वयंपाक, सण, अवजारं, सगळं एका कोशात आणायचं म्हणून आम्ही काही हौशी माणसं ऐंशीच्या दशकात कामाला लागलो होतो. जळगावात मी, आसोद्याला कुंदाबाई, शिरपूरला भाईदास आबा आणि बाकी गावोगावचे काही. एकाने नोंद लिहायची, एसटीच्या कंडक्टरच्या हाती पुढच्याकडे धाडायची, आणि ज्याला जे खटकेल ते त्याने खोडायचं. मात्र खोडलं तर समासात कारण लिहायचं. संदर्भ नसलेलं वाक्य ठेवायचं नाही, आणि स्वतःचा अनुभव हा संदर्भ नव्हे. हेही माझेच नियम. माझा लाल पेन मंडळात बदनाम होता, आणि खोटं कशाला बोला, मला त्याचं भूषण वाटायचं.

'भरीत' ही नोंद आबांनी लिहिली. तिच्यातलं 'जगात तोड नाही' मी काढलं, 'देवांनाही दुर्लभ' काढलं. आबांनी हूं की चूं केलं नाही. शेवटचं वाक्य होतं, 'भरीत भाजताना कोणी कोणाशी भांडत नाही.' तेही खोडून मी समासात लिहिलं, 'संदर्भ?'

कागद परत आला तो वाक्यासकट. मी पुन्हा खोडलं, आबांनी पुन्हा लिहिलं. मी समासात जरा जास्तच खुलून लिहिलं, 'आबा, आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वरणावरून डोकी फुटतात. भरिताने असं काय पुण्य केलंय?' त्यावर शिरपूरहून चिठ्ठी आली. 'वाक्य राहणार नसेल तर मीही राहत नाही. माझ्याकडच्या नोंदी कंडक्टरच्या हाती पाठवतो.'

आधी मला संताप आला. मग भीती वाटली. माझा स्वभाव तिरसट. जळगावात माझ्याशी वाद घालायला कोणी उरलं नव्हतं, लोक 'बरोबर, बरोबर' म्हणून सायकलवर टांग टाकायचे. आबा मात्र माझी प्रत्येक खाडाखोड वाचून, विचार करून, मुद्द्याने भांडायचे. इतकी वर्षं आम्ही समासातच दोस्ती केली होती. तो माणूस गेला असता तर कोश झाला असता कसाबसा, पण मी पार एकटा पडलो असतो.

कुंदाबाईंनी दोघांनाही निरोप धाडला. "कागदावर हे मिटायचं नाही. रविवारी शेतात या, वांगी तयार आहेत."

मी आसोद्याला पोचलो तेव्हा आबा आधीच आले होते. टोपी सारखी करून त्यांनी माझ्याकडे पाठ केली. मी वाटेत बसमध्ये मुद्दे पाठ करून आलो होतो, पण कुंदाबाईंनी कोणाला तोंड उघडू दिलं नाही. "आबा, तुम्ही काड्या घाला. जीवराम भाऊ, तुम्ही वांगी फिरवा. मी भाकरी टाकते."

कपाशीच्या वाळक्या काड्या भडकन पेटतात आणि तशाच विझतात. सारख्या घातल्या नाहीत तर वांगं कच्चं, सारखं फिरवलं नाही तर कोळसा. "आबा, त्या वाक्याचं म्हणाल तर..." मी सुरुवात केली.

"फिराव भाऊ, फिराव! जळी ऱ्हायनं वांगं!"

मी फिरवलं. दुसऱ्या बाजूचा जाळ बसला होता. "इकडे घाला, इकडे," मी ओरडलो. आबांनी मूठभर काड्या सारल्या. मग नुसतं 'घाला', 'फिराव', 'हं' एवढंच चाललं. डोळ्यांत धूर, हाताला चटके, वांग्यांची सालं फुगून फुटायला लागलेली. पाठ केलेले मुद्दे कुठे गेले ते मला कळलंच नाही.

जाळ उतरला तेव्हा आबा निखाऱ्यांकडे बघत बोलले. "मना बाप नि काका. बांधवरथीन भांडन व्हतं. साल साल बोलेत नहीत. पन हिवाळामा भरीत भाजाले दोन्ही एकच आगटीपाशी बसेत. बाप काड्या घाले, काका वांगा फिरावे. 'घाल', 'फिराव', इतलंच बोलेत. तितला येळ ते भाऊ व्हतात."

"अहो, मग हे लिहिलं का नाही? याहून मोठा संदर्भ कोणता हवा?"

"घरनं भांडन कोशमा छापू का, भाऊ?"

माझ्या त्या एका लाल प्रश्नचिन्हाने मी या माणसाला किती दिवस कोंडीत धरलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

कुंदाबाई वांगी सोलायला येऊन बसल्या. "भाजलीत मात्र झकास. भांडण झालं का तुमचं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भांडायचं राहूनच गेलं होतं.

लाकडी बडगीत वांगी ठेचून झाली, वर कांद्याची पात पडली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर आम्ही पोटाला तडस लागेपर्यंत जेवलो. मग मी पिशवीतून नोंद आणि लाल पेन काढला. पेन बघून आबांचा चेहरा उतरला. मी खोडलेलं वाक्य माझ्या हाताने पुन्हा लिहिलं आणि खाली लिहिलं, 'संदर्भ: जीवराम, आसोदा. वांगी फिरवताना.'

कुंदाबाईंनी डोकावून वाचलं. "स्वतःचा अनुभव संदर्भ चालत नाही ना, भाऊ?"

"नाही चालत. ज्याला खोडायचं त्याने खोडावं, कारण समासात लिहावं."

आबांनी माझ्या हातातला पेन घेतला. कागद गुडघ्यावर ठेवून, चष्मा पुसून, त्यांनी ते दोनदा वाचलं. खोडणार की काय म्हणून माझा जीव वरखाली झाला. त्यांनी माझ्या ओळीखाली लिहिलं, 'आणि भाईदास. काड्या घालताना.'