शेंगांची पिशवी

माझा भाचा रॉइस आमच्या गावच्या बेसबॉल संघाकडून चेंडू फेकायचा. खांदा पार कामातून गेला होता. मोसमातला घरच्या मैदानावरचा हा शेवटचा सामना, आणि त्याच्याही आयुष्यातला शेवटचा. सोमवारपासून तो धान्याच्या कोठारावर कामाला लागणार होता. इतकी वर्षं खेळला, पण लोकांनी आठवण काढावी असं हातून काही घडलं नव्हतं.

त्या दुपारी मात्र सहा डाव झाले तरी समोरचा एकही गडी पहिल्या बेसपर्यंत पोचला नव्हता. यायचे, बॅट फिरवायचे, परत जायचे. नऊ डाव असंच टिकलं तर आमच्या मैदानावर कधी न घडलेलं घडणार होतं. सगळ्यांना ते दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. असं काही चालू असताना त्याचं नाव काढायचं नाही. काढलं की बिघडतं. संघातली पोरंसुद्धा बाकावर रॉइसपासून लांब सरकून बसली होती.

सातव्या डावात आणखी एक गडी मान खाली घालून परतला, आणि माझी बहीण व्हर्ना, रॉइसची आई, उठून टाळ्या पिटत म्हणाली, "एकसुद्धा पोचला नाही गं बाई पहिल्या बेसला!"

सगळा स्टँड चिडीचूप झाला.

"व्हर्ना!" मागच्या रांगेतला ओटिस ओरडला. "अगं, तू? पाद्रीबाबांना बाहेर काढणारी तू?"

खरंच होतं ते. मागे पाद्रीबाबा असंच बोलून गेले, तेव्हा हिनेच त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं होतं. आता ती स्वतःहून बाहेर निघाली. डोळे भरले होते. मीही तिच्यामागे गेलो.

स्टँडच्या मागे, सॉसेजच्या गाडीपाशी, आम्ही पालथ्या खोक्यांवर बसलो.

"पोराचा शेवटचा खेळ, अर्ल, आणि मी इथे भिंत बघतेय."

"मग जा आत."

"वेडा आहेस का? माझ्यामुळे मोडलं तर?"

तेवढ्यात वरून तिच्या डोक्यावर शेंगेचं टरफल पडलं. पाहिलं तर ओटिस सगळ्यात वरच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून उभा. थोड्या वेळाने आणखी एक पडलं.

"गडी बाद झाला की टाकतोय," मी म्हणालो.

"गप्प! बोलू नकोस!"

मग ती टरफलं ओटीत गोळा करत बसली. शेवटच्या डावात दोन पडली. डावाचे गडी तीन, आता एकच हवं होतं. बॅटचा खणखणीत आवाज आला. व्हर्नाने माझं मनगट असं आवळलं की बोटं बधिर झाली.

आणि शेंगांची अख्खी पिशवी आमच्या अंगावर येऊन फुटली. मागोमाग गर्जना.

रॉइस फाटकातून धावत आला, मातीने माखलेला, हातात चेंडू. "आई! शेंगा काय वेचतेस?"

तिने चेंडू छातीशी धरला. "आता बोलू का रे?"

"बोल की!"

व्हर्ना खोक्यावर चढली आणि गाड्यांच्या तळापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "एकसुद्धा पोचला नाही!"