पुढच्या पाळीच्या माणसासाठी

मी एक जुनी वही आहे. सत्तर पानांची, हिरव्या पुठ्ठ्याची, कडेला तारेचे वेटोळे असलेली. तारेचे खालचे टोक आता बाहेर आले आहे. ते बोचते, म्हणून मला कोणी पिशवीत घालत नाही. मित्रांनो, माझी गोष्ट लहान आहे. मी एकाच वर्गात बसले आणि एकाच माणसाने माझ्यात लिहिले.

माझा जन्म कोणत्या गिरणीत झाला ते मला ठाऊक नाही. लाकडाचा लगदा, गरम रूळ, निळ्या रेघा, कापणी, एवढे सगळ्याच वह्यांच्या वाट्याला येते. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेला, नदीकाठच्या एका गावात, औषधांच्या दुकानात मी विकायला ठेवलेली होते. सप्टेंबर महिना होता. शाळेची मुले भराभर वह्या उचलून नेत होती. ल्यूसियन मिशो नावाचा एकोणपन्नास वर्षांचा माणूस मात्र बराच वेळ उभा राहिला. त्याने माझे पान चिमटीत धरून चोळले, उजेडासमोर धरले आणि गल्ल्यावरच्या बाईंना म्हणाला, "आमच्याकडचा कागद नाही हा."

"तुमच्याकडचा आता कुठून येणार, ल्यूसियन?"

"तेही खरंच. द्या."

गावातली कागदगिरणी जूनमध्ये बंद झाली होती. ल्यूसियनने तिथे एकोणतीस वर्षे काढली होती. आता तो आणि त्याच्याबरोबरचे अकरा जण तंत्रविद्यालयात वाफेच्या बॉयलरचे काम शिकायला बसणार होते. डिसेंबरात परवान्याची परीक्षा होती. शंभरात सत्तर गुण मिळाले तर गावच्या इस्पितळाच्या बॉयलरघरातली एक जागा त्याची. नाही मिळाले तर नाताळनंतर घर बंद करायचे आणि मेहुण्याकडे दूर कनेटिकटला जायचे. त्याची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. घरात तो आणि सतरा वर्षांची मुलगी जिनेट, दोघेच. जिनेटचे शाळेचे शेवटचे वर्ष होते. ते मध्येच मोडू नये एवढेच त्याला हवे होते. हे तो बोलला नाही, पण माझ्या पहिल्या पानावर त्याने फक्त '७०' लिहिले आणि त्याभोवती चौकोन काढला.

वर्गात ओक्स मास्तर भरभर बोलत आणि फळा बाहीने पुसत. बाकीचे हाताची घडी घालून ऐकत. ल्यूसियन लिहीत असे. वर्गात कसे लिहायचे हे त्याला कोणी शिकवले नव्हते, म्हणून तो गिरणीत पाळीची नोंद लिहायचा तसेच लिहू लागला. डावीकडे वेळ, उजवीकडे जे घडले ते, सगळे. मोकळी जागा कुठेही नाही. पानाखाली सही.

९.०५ मास्तर आले. ९.०७ खडू मोडला. ९.१० बॉयलरमधले पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी निम्म्यावर हवे. ९.१२ आर्मंडला शिंक. ९.१३ पुन्हा.

अशी बावीस पाने भरली. ऑक्टोबरमधल्या पहिल्या चाचणीत त्याला एक्केचाळीस गुण मिळाले.

"एक्केचाळीस?" आर्मंड म्हणाला. हा त्याचा गिरणीतला जुना जोडीदार, आणि वर्गातही शेजारीच बसत असे. "मला त्रेपन्न. आणि मी तर अक्षर लिहिलेलं नाही!"

"तुझी शिंकसुद्धा लिहिलीय मी. वेळेसकट."

"मग त्यावर प्रश्न आला असता तर पहिला आला असतास बघ."

त्या शनिवारी जेवताना, बीन्सच्या भांड्याशेजारी, जिनेटने मला उघडले. ती आधी हसली. मग हसायची थांबली.

"पपा, हे तू परत वाचतोस कधी?"

"वाचायला बसलो की झोप येते."

"येणारच. गिरणीतली नोंद कुणासाठी लिहायचास?"

"पुढच्या पाळीच्या माणसासाठी."

"आणि तो सगळी वाचायचा?"

"छे गं. दोन ओळी शोधायचा. काय बिघडलंय आणि कशाला हात लावायचा नाही."

"मग मास्तरांचं ऐकताना तेवढंच लिही ना. पुढच्या पाळीचा माणूस तूच आहेस. शनिवारी वाचायला बसणारा तू."

तिने कोऱ्या पानावर डावीकडे एक तृतीयांश जागा सोडून उभी रेघ मारली. वर्गात फक्त उजवीकडे लिहायचे, आणि तेही आपल्या शब्दांत, थोडके. डावीकडे काही नाही.

"मोकळं ठेवायचं?" ल्यूसियनला ते पटेना. "पोरी, गिरणीत मोकळी जागा सोडली तर फोरमन विचारायचा, इथे मागाहून काय घुसडणार आहेस?"

"प्रश्न घुसडायचे. त्याच दिवशी, घरी आल्यावर. मग उजवी बाजू झाकायची आणि प्रश्नाचं उत्तर तोंडी द्यायचं. नाही आलं तर उघडून बघायचं. आणि खाली सही नको. आज काय कळलं ते दोन ओळींत."

"सही नको?"

"यात दुसरं कोण लिहिणार आहे, पपा?"

मित्रांनो, चांगली नोंद अशी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात त्याचा हात सारखा रेघेपलीकडे जायचा. मग जाईनासा झाला. नोव्हेंबरात एका तासाचे माझे अर्धेच पान भरू लागले. डावीकडे असे: 'नळीत पाणी दिसेना. आधी काय?' उजवीकडे असे: 'आग बंद. गार पाणी सोडायचे नाही.' न्याहारीच्या सिरियलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून जिनेट उजवी बाजू झाकायची आणि रस्सा ढवळता ढवळता त्याला विचारायची. चुकला की म्हणायची, "इस्पितळ उडालं. पुन्हा सांग."

डिसेंबरात त्याला अठ्ठ्याहत्तर गुण मिळाले. नळीतल्या पाण्याचा प्रश्न आला होता.

"आठ जास्तीचे कशाला मिळवलेस?" जिनेट म्हणाली. "वाया गेले."

जूनमध्ये तिची शाळा त्याच गावात पूर्ण झाली आणि सप्टेंबरात ती शिकायला ओरेगनला गेली. तिथेच तिला नोकरी लागली. ती रविवारी फोन करत असे. मला बॉयलरघरातल्या टेबलाच्या खणात जागा मिळाली. पहिली काही वर्षे ल्यूसियन मला उघडायचा, मग त्याला सगळे पाठ झाले. जे कळते त्याची वही लागत नाही. माझ्यावर कॉफीचा पेला ठेवला गेला, पाने ओली झाली आणि वाळली. मी त्याबद्दल तक्रार करत नाही. कागदाला फारसे काही होत नाही.

नोकरीला लागल्यावर सतरा वर्षांनी, फेब्रुवारीत, ल्यूसियन वारला. सकाळची वेळ होती आणि तो घरीच होता. त्या दिवशी बॉयलर दुसऱ्या कोणी तरी पाहिला आणि इस्पितळ गरम राहिले.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सँडविचेस होती. बॉयलरघरातल्या डोरीनने मला जिनेटच्या हातात दिले. "त्याच्या खणात होती. फेकायला हात होईना," ती म्हणाली. जिनेटने आभार मानले. सकाळपासून ती सगळ्यांचे आभार मानत होती, त्याच आवाजात. कोट न काढता ती खुर्चीवर बसली आणि माझी शेवटची पाने चाळू लागली. पाने नीट होती. तिने शिकवले होते तशीच. एका पानावर, वाफ कोंडली तर आपोआप उघडणाऱ्या झडपेच्या मथळ्याखाली, डावीकडे लिहिले होते: 'ओक्सचा कुत्रा आठव.' उजवीकडे काही नव्हते. खाली दोन ओळींच्या जागी एकच होती: 'आता कळले.'

ती आर्मंडकडे गेली. तो आता काठी घेऊन चालत असे.

"आर्मंडकाका, ओक्सचा कुत्रा म्हणजे काय?"

त्याने पान डोळ्यांजवळ नेले. "ओक्सला कुत्रा होता?"

"इथे लिहिलंय."

"तारीख बघ. त्या दिवशी मी आलोच नव्हतो गं, हरणाच्या शिकारीला गेलो होतो. तुझ्या बापाला विचा..." त्याने वही मिटून तिच्या हातात दिली. मग म्हणाला, "सँडविच खाल्लंस का तू?"

"खाल्लं," ती म्हणाली. तिने खाल्ले नव्हते.

मित्रांनो, शिकताना माझ्यासारखी वही जरूर ठेवा. थोडके लिहा, कडेला जागा सोडा, त्याच दिवशी परत या. पण एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून मी तुम्हाला सांगते. नोंद जितकी चांगली, तितकी ती अर्धी असते. उरलेले अर्धे लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते आणि ते वहीत उतरत नाही. तुमच्या घरात कोणाची अशी वही असेल तर ती नुसती जपून ठेवू नका. ती घेऊन त्या माणसाशेजारी बसा, एका ओळीवर बोट ठेवा आणि विचारा.

सतरा वर्षे मी त्या खणात होते. त्याच खोलीत, चार पावलांवर, तोही होता.