फाटकावरचं लाल फडकं

तुंगाच्या तोंडाचा फेस पुसता पुसता भाग्यलक्ष्मीचा पदर भिजला, तरी गाय काही मान उचलेना. जनावरांचे डॉक्टर दुसरं इंजेक्शन देऊन उठले. "औषध मारलेलं गवत खाल्लंय. आता देवावर भरवसा," म्हणाले आणि स्कूटरवरून गेले.

"अय्यो, मला लाल फडकं दिसलंच नाही हो!" भाग्यलक्ष्मी कपाळ बडवू लागली. "तिथंच असणार ते. ह्या डोळ्यांनीच घात केला."

विठोजी, तिचा नवरा, तुंगाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. फडकं त्याच्या खिशात होतं.

बेंगळुरूत एचएसआर लेआउटजवळच्या एका कंपनीत तो माळी होता. हिवाळा आला की तिथल्या हिरवळीत राय गवत पेरत. थंड मुलखात हे गवत वर्षानुवर्षं टिकतं आणि गाई त्यावरच पोसतात, असं बी आणणाऱ्यानं सांगितलं होतं. इथं मार्चच्या उन्हात ते पिवळं पडे. तोवर माणसं त्यावर उभी राहून फोटो काढत. गाईचा घास असा शोभेला लावलेला बघून विठोजीला आधी हसू येई, मग राग. एकदा कापलेलं गवत त्यानं तुंगापुढं टाकलं, तर तिनं पाटी चाटून साफ केली. त्याच्या आजानं बारा गाई राखल्या होत्या. आता ही एकच उरली होती, आणि तिला चारायला जवळपास रान राहिलं नव्हतं.

तेव्हापासून कापलेल्या गवताचा ढीग तो मागच्या फाटकाशी लावी आणि संध्याकाळी भाग्यलक्ष्मी येऊन पोतं भरून नेई. किडीचं औषध मारलं की तो फाटकाला लाल फडकं बांधी. फडकं दिसलं की गवत न्यायचं नाही. चार वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

काल कंपनीत पाहुणे यायचे होते. "विठोजीअण्णा, ते फडकं काढा. स्वल्प बरं दिसू दे," सुपरवायझर प्रणीत म्हणाला. विठोजीनं काढून खिशात घातलं. तासाभरानं परत बांधू, असं ठरवून तो खुर्च्या मांडायला गेला आणि विसरला.

दुपारी तुंगा गेली. गाडी येऊन तिला घेऊनही गेली.

दावं गुंडाळता गुंडाळता विठोजी म्हणाला, "भाग्या, ऐक, ते फडकं..."

"नका काढू त्याचं नाव," ती रडत म्हणाली. "दुसऱ्या कुणी हात उगारला असता माझ्यावर. तुम्ही एका शब्दानं बोलला नाही."

झालं! विठोजीनं दावं खुंटीला अडकवलं आणि फडक्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

चार दिवसांनी संध्याकाळी तिनं तांदूळ भरलेलं सूप त्याच्यापुढं सरकवलं. "सकाळी निवडलेत मी. तरी तुम्ही एकदा बघा. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही आता."

"सरी, बघतो," तो म्हणाला.

सुपात एकही खडा नव्हता. तरी खाली मान घालून तो अंधार पडेपर्यंत एकेक दाणा बाजूला सारत राहिला.